दाणे आळीतले सातवे पेव

सन १९४४च्या वैशाखात एका दुपारी आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून आम्ही चौघांनी एक कलिंगड खाल्ले. घोड नदीच्या वाळूत पिकलेले, सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले. आमच्याकडे पेवे उघडणारा भिमाजी, त्याने ते सुरीने कापले नाही. गुडघ्यावर धरून मुठीने फोडले. त्याची बायको झुंबरबाई यांच्या मांडीवर तीन महिन्यांची गिता होती. माझा धाकटा भाऊ आप्पा बिया थुंकून समोरच्या मीरासाहेबांच्या पत्र्यावर नेम धरीत होता, आणि आतून वडील म्हणत होते, "आप्पा, वय काय तुझं?" मीरासाहेब हातोडी न थांबवता म्हणाले, "थुंकू द्या मालक. वेल आला तर निम्मी कलिंगडं माझी." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी याच वेळेला चौघांतले तीनच उरलो होतो.

हे मी सर्वांत आधी लिहिले, कारण वकीलसाहेब म्हणाले की मृत्युपत्र करणाऱ्याचे स्मरण शाबूत आहे असे कागदावरून दिसले पाहिजे. आता रीतीचे लिहिते.

मी सोजराबाई, कै. मारुतराव कुरुंदळे यांची विधवा, कै. बापूसाहेब दसगुडे यांची मुलगी, वय वर्षे सत्तावन्न, राहणार दाणे आळी, शिरूर, पूर्वी राहणार दौंड, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने नव्हे, तर स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवीत आहे. पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या दाखल्यावर माझे नाव 'सारा' लागले आहे, कारण तिथल्या सिस्टरांना सोजरा म्हणता येईना. ती सारा मीच. त्यावरून पुढे कोणी खोडा घालू नये. येत्या सोमवारी पुण्यास माझ्या पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर बरे होईल म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

१. माझ्या डोक्याविषयी. माझा भाचा बाळासो आप्पासाहेब दसगुडे, जो हल्ली नगरपालिकेचा सभासद आहे, त्याने गेल्या महिन्यात भर सभेत सांगितले, "आत्याचं आता वय झालंय. कॉन्व्हेंटात शिकलेल्या, गोष्टी रचायची हौस हाय." सभा हसली. मला हे येऊन सांगणारेही सांगता सांगता थोडे हसलेच. हसणे कशाबद्दल होते ते पुढे येईल. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो ज्यांना पुरणार नाही त्यांच्यासाठी दाणे आळी माझ्या लहानपणी कशी होती ते खाली लिहिते. त्या वेळचे लोक अजून पाच-सहा आहेत, त्यांनी ताडून पाहावे. एक जरी दुकान इकडचे तिकडे झाले असेल तर बाळासो म्हणतो तेच खरे धरावे.

२. दाणे आळी. नदीकडून वर येताना डाव्या हाताला पहिले दुकान खोगीरवाल्याचे. छावणीतले घोडदळ केव्हाच उठून गेले होते, तरी तो दारात लाकडी घोडा मांडून त्याच्या पाठीवर खोगीर शिवीत बसे. विकत घ्यायला कोणी येत नसे. कातड्याचा आणि मेणाचा वास मात्र पावसाळ्यातही जात नसे. त्याला लागून गोळीच्या सोड्याचे दुकान. त्याच्यानंतर हुसेनबीच्या बांगड्या. मी विधवा होऊन दौंडहून परत आले त्या दिवशी हुसेनबीने मला आत बोलावले, माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. लहानपणापासून त्या हातात तिने किती बांगड्या भरल्या असतील. मग मीरासाहेबांचे पत्र्याचे आणि कल्हईचे दुकान; ते आजही आहे.

उजव्या हाताला मारुतीचे छोटे देऊळ, तेलाचा घाणा, जिथे हल्ली सायकली भाड्याने मिळतात, मग लिंबाचे झाड, आणि लिंबापुढे मीरासाहेबांच्या समोर आमचे दाण्याचे दुकान, दगडी ओट्याचे. वडील पूर्वी छावणीतल्या घोड्यांना चंदी पुरवीत. तिथल्या एका मडमेच्या सांगण्यावरून त्यांनी मला कॉन्व्हेंटात घातले, आणि पुढे जन्मभर आळीत सांगत राहिले की आमची सोजरा इंग्रजीत गप्प बसते.

हे झाले जमिनीवरचे. आळीच्या खाली पेवे होती. आताच्या मुलांना पेव दाखवायला राहिले नाही, म्हणून लिहिते. पेव म्हणजे जमिनीत खणलेले बाटलीच्या आकाराचे कोठार. तोंड एका माणसापुरते, पोट एका खोलीएवढे. आतून सारवायचे, कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून चिखलाने लिंपायचे. वरून गाड्या जात, लग्नाच्या वराती जात, आणि खाली अख्ख्या आळीचे वर्षाचे जेवण निजलेले असे.

ती उघडण्याचे काम भिमाजीचे, त्याच्या आधी त्याच्या बापाचे. भिमाजीला डोळे बांधून आळीतून चालवले तरी पायाखाली काय आहे ते तो सांगे. मी माहेरपणाला आले की हा खेळ मला शिकवी. "ताई, हितं टाच मारा. वाजतंय का? हे सोडावाल्याचं. आता हितं. हे मुकं हाय, नुस्ता मुरूम." मला तो आवाज अजून ओळखता येतो. एक पेव खोगीरवाल्याच्या दारात, दोन सोडावाल्याच्या भिंतीलगत, एक देवळामागे, दोन घाण्यापाशी. घाण्याजवळची दोन्ही आमची. ही सहा नगरपालिकेच्या नकाशात आहेत आणि सन १९५५ साली मुरूम घालून बुजवली. सातवेही आमचेच. लिंबाच्या बुंध्यापासून आमच्या दाराकडे अकरा हात. तोंड आमच्या ओट्याच्या पायरीशी, आमच्या हद्दीत, आणि पोट रस्त्याखाली. ते नकाशात नाही. ते बुजवलेले नाही. सभा हसली ती याला.

पेवाची एक रीत होती. दगड काढला की एक रात्र तोंड उघडे ठेवायचे. सकाळी दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. ज्योत राहिली तर माणूस उतरेल; गेली तर थांबायचे, घाई कितीही असो. कोंडलेल्या दाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. आणि कंदील सोडायचा तो धन्याच्या घरातल्या बाईने. उतरणारे माणूस दुसऱ्याच्या घरचे असते, तेव्हा त्याच्या जिवाचा अंदाज ज्याचा दाणा आहे त्याच्या घराने घ्यावा, अशी समजूत होती. आईनंतर ते काम माझ्याकडे आले.

३. दौंडचे घर. रेल्वे लाइनीमागच्या दोन खोल्या, ज्या माझ्या यजमानांच्या फंडातून घेतल्या, त्या माझी भावजय साळूबाई आप्पासाहेब दसगुडे हिला द्याव्यात. साळूबाईने माझ्या चहात साखर कमी असल्याचे बावीस वर्षे सांगितले आणि बावीस वर्षे तो प्याली. सून आल्यापासून तिला स्वतःची चूल हवी आहे. ती कोणाला म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते. तिच्या मुलाने, म्हणजे बाळासोने, त्या खोल्यांवर हक्क सांगू नये. शिवणाचे यंत्रही तिचेच. माझी पुण्याहून आणलेली इंग्रजी पुस्तके मुलींच्या शाळेला द्यावीत. वाळवी लागली आहे ती सोडून.

माझे यजमान मालगाडीवर गार्ड होते. त्यांची शिट्टी आणि लाल बावटा माझ्या ट्रंकेत आहेत, त्यांचे काय करायचे ते शेवटी सांगते. ते म्हणत, "गार्डाचं काम सोपं असतं. शंका आली की बावटा दाखवायचा. खात्रीची वाट बघत बसायचं नाही." हे वाक्य मी अनेकदा ऐकले. वेळ आली तेव्हा उपयोगात आणले नाही.

४. सातवे पेव. त्या साली लढाईमुळे लेव्ही होती. कोणाकडे ज्वारी किती हे लिहून द्यायचे आणि ठरलेला वाटा सरकारात भरायचा. वडिलांनी घाण्याजवळची दोन पेवे लिहून दिली, दारातले दिले नाही. कलिंगड खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की इन्स्पेक्टर न्हावऱ्यापर्यंत पोचले आहेत, संध्याकाळी शिरुरात येतील. वडिलांनी ठरवले की त्याआधी दारातली ज्वारी काढून, गाडीत घालून वडगाव रासाईला मामांकडे पाठवायची.

दुपारी जेवणानंतर आळी निजते. त्या वेळी दगड काढला. एक रात्र ठेवायला सवड नव्हती. अर्धा तास ठेवला. मी कंदील सोडला. दोरी सैल पडायच्या आतच ज्योत बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि गेली.

भिमाजी म्हणाला, "ताई, दिवा गेला की वं."

आप्पा म्हणाला, "रॉकेल संपलं आसंल. रेशनचं रॉकेल ते, किती टिकायचं?"

वडील दारातून म्हणाले, "वेळ न्हाई."

भिमाजीने माझ्याकडे पाहिले. "व्हय ताई?"

कंदील मी त्याच सकाळी स्वतःच्या हाताने भरला होता. रॉकेल संपलेले नाही हे त्या चौघांत फक्त मला माहीत होते. परंतु तीन वर्षांपूर्वी दोन ट्रंका घेऊन वडिलांच्या दारात उतरलेली बाई मी. त्या घरात मी 'नाही' म्हणत नसे, आणि माझ्या या गुणाचे सर्वांना कौतुक होते. मी म्हणाले, "असेल."

भिमाजीने दोरी कमरेला बांधली. "ऱ्हायलेलं कलिंगड माझं बरं का," असे म्हणत तो उतरला. दोरीला दोनदा हिसका बसला. मग ती जड झाली. तोंड अरुंद आणि अंग सैल पडलेले, त्यामुळे त्याला बाहेर काढेपर्यंत फार वेळ गेला.

वडील म्हणाले, "पान लागलं म्हणायचं." म्हणजे साप चावला. त्यांनी आणि आप्पाने दगड जागेवर बसवला, लिंपला, वर धूळ टाकली, आणि त्यावर चार मुठी ज्वारी फेकून कोंबड्या सोडल्या. मग झुंबरबाईंना बोलावणे धाडले. संध्याकाळी इन्स्पेक्टर आले. ओट्यावर बसून, पाय त्या दगडावर ठेवून त्यांनी चहा घेतला आणि गरीब माणसाबद्दल हळहळ व्यक्त केली. चहा मी केला होता.

दोन दिवसांनी मी कंदील घेऊन मीरासाहेबांकडे गेले. म्हटले, हा मधेच विझतो, बघा. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. "ताई, ह्यात रॉकेल हाय की. निम्म्याच्या वर. कंदिलाला काय बी झालेलं न्हाई." मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून समोर गेली, कोंबड्या टिपत होत्या तिकडे. त्यांनी काच पुसून कंदील परत दिला. तो मी त्यानंतर कधी लावला नाही. माझ्या खाटेखाली आहे.

५. शिरूरचे घर. सन १९४६ साली वडिलांनी हे दुकान, मागच्या दोन खोल्या आणि ओटा मला बक्षीसपत्राने दिला. कारण 'विधवा मुलीची सोय' असे लिहवले आहे. वडिलांना आणि मला खरे कारण ठाऊक होते. मी सही केली.

त्याच सुमारास झुंबरबाईंनी भाजी विकायला आमच्या दारात जागा मागितली. वडिलांनी लिंबाखालची सावलीची जागा देऊ केली. त्या म्हणाल्या, नको, पायरीपाशी दगड आहे तिथे बसते. तिथे दिवसभर ऊन असते. तेव्हापासून रोज सकाळी त्या त्याच दगडावर पोते टाकून बसतात आणि मी रोज सकाळी खिडकी उघडते. मेथी, शेपू, हंगामात ओला हरभरा. रोज त्या म्हणतात, "आक्का, चहा झाला का?" रोज मी हो म्हणते आणि कप बाहेर नेऊन देते. सतरा वर्षे मला वाटत होते की कशावर बसलो आहोत हे त्यांना ठाऊक नाही.

वर सांगितलेले दुकान, खोल्या आणि ओटा, ओट्याखाली जे काही असेल त्यासह, मी श्रीमती झुंबरबाई भिमाजी जाधव व त्यांची मुलगी गिता यांना निम्मेनिम देत आहे. वकीलसाहेबांनी मसुद्यात झुंबरबाईंचा उल्लेख एकेरी केला होता, तो मी खोडला. बोलताना मी तिला तू म्हणते. कागदावर म्हणणार नाही.

बाळासोला हे घर का नाही, असे तो विचारील. उत्तर पुढच्या कलमात आहे.

६. हल्लीची स्थिती. आप्पा गेल्या वर्षी वारला. तो असेपर्यंत बोलणार नाही असे मी त्याला वचन दिले होते. असे वचन द्यायला नको होते. या पावसाळ्यात पायरीपुढे पाण्याचे तळे साचले आणि दोन तासांत नाहीसे झाले. वाहून गेले नाही, खाली गेले. ऊन पडले की तिथून आंबूस वास येतो. श्रावणात दगडाच्या फटीतून मुंग्या वर येऊ लागल्या, प्रत्येकीच्या तोंडात काळा दाणा. मी एक तळहातावर घेतला. ज्वारीच होती, त्या दिवसापासून कोणी न काढलेली. मालट्रक गेला की माझ्या फळीवरची पितळेची मापे वाजतात. पूर्वी वाजत नसत. परवा मी चप्पल काढून रस्त्याच्या मधोमध टाच मारली. भिमाजीने शिकवलेला आवाज तो नव्हे. त्याहून पातळ होता, रिकाम्या डब्यासारखा.

नगरपालिका दाणे आळीत डांबरी रस्ता करणार आहे. दिवाळी झाली की रोलर येईल. मी लेखी अर्ज दिला की सातवे पेव बुजवल्याशिवाय रोलर आणू नये. उत्तर आले की नकाशात सहाच आहेत.

त्यानंतर बाळासो घरी आला. बूट न काढता उभा राहिला.

"आत्या, कशाला उकरून काढता? आजोबांचं नाव हाय गावात."

मी म्हटले, "नाव आहे तसं पेवही आहे."

"पुढच्या साली निवडणूक हाय. लोक काय म्हणतील, दसगुड्यांनी लेव्ही चुकवली आन् माणूस मारला?"

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारले. मी अर्जात भिमाजीचे नाव लिहिले नव्हते.

म्हणजे आप्पाने मरण्यापूर्वी त्याला सांगितले होते. म्हणजे सभेत त्याने माझे हसे केले तेव्हा त्याला माहीत होते.

मग तो म्हणाला, "डांबर पडलं की संपलं. ओट्याला हात लावाल तर पोलिसात सांगंन, म्हातारी भ्रमिष्ट झाली. तुमच्या मागं घर माझंच हाय. मी फरशी घालून टाकीन."

म्हणून घर त्याचे नाही. तोंड आमच्या हद्दीत आहे. ते उघडायला नगरपालिकेची परवानगी लागत नाही, मालकाची लागते. बाळासो मालक झाला तर ते कधीच उघडणार नाही, आणि ते स्वतःहून ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी वर कोण उभे असेल ते कोणी सांगू शकत नाही.

७. झुंबरबाईंशी झालेले बोलणे. हे मृत्युपत्र सही करण्याआधी त्यांना वाचून दाखवावे असे मला वाटले. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, अशी रीत नाही." मी काल दुपारी कागद घेऊन ओट्याच्या पायरीवर बसले आणि चौथे कलम वाचले. त्या मेथीच्या जुड्या बांधीत होत्या. हात थांबला नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तुमी 'आसंल' म्हणलात?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी आणखी एक जुडी बांधली. मग म्हणाल्या, "मी त्यांना आंघुळ घातली हाय, आक्का. पान लागल्याची खूण कुठंबी न्हवती. दात न्हवता, सूज न्हवती. केसात ज्वारीचं भूस व्हतं. आन् तुमच्या कोंबड्या कवा दारात सोडत न्हवता, त्या दिशी सोडल्या."

मी विचारले, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"कुणाला? तुमच्याच दारात बसायचं आन् तुमालाच इचारायचं? पोर पदरात व्हती. म्हणलं, कवातरी आक्का सांगत्याल. शिकलेल्या हायत." त्या थोडे हसल्या. "लई दिस लावले."

"उन्हात बसलीस ती..."

"मी बसलीय तवर हितं कुणी गाडी लावत न्हाई. माणूस गेला तवा गेला. आता आन् कुणाचं जायला नगं." मग जुड्या पाटीत रचून म्हणाल्या, "रोलर येणार म्हणं."

मी म्हटले, दिवाळीनंतर. तोपर्यंत तू लिंबाखाली बस, आजपासूनच बस.

"न्हाई. त्ये तोंड उघडल्याबिगर मी उठायची न्हाई. रोलर आला तरी न्हाई. पुढं बसन."

मी घराविषयीचे कलम वाचले. त्या म्हणाल्या, "खोल्या पोरीच्या नावानं काय करायचं त्ये करा. मला घर नगं. मला एक पायजे. तोंड उघडा, दिवा सोडा, रीतीनं. आन् ह्या खेपंला दिवा काय म्हणतो त्ये मोठ्यानं सांगा. सगळ्या आळीला आयकू जाऊ द्या."

आत चहा उकळून गेला होता. मी दुसरा केला. त्यांनी घेतला.

८. कोणाला काय, आणि केव्हा. या कलमातील गोष्टी माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू आहेत.

शिट्टी आणि लाल बावटा मीरासाहेबांचा मुलगा पाशा याला देत आहे. दुकान समोरच असल्याने त्याची नजर दिवसभर दगडावर असते. बावटा पायरीशी काठीला बांधून उभा करावा. रोलर किंवा जड गाडी आळीत वळताना दिसली की शिट्टी वाजवून पुढे व्हावे आणि झुंबरबाईंना उठवावे. त्या उठणार नाहीत, म्हणून रोलरच थांबवावा. शंका पुरे, खात्रीची वाट बघू नये.

दगड शुक्रवारी सकाळी मीरासाहेब व पाशा यांनी, माझ्या लेखी परवानगीने, काढावा. पोलीस आले तर हा कागद दाखवावा. तोंड एक रात्र उघडे ठेवावे, भोवती दोरी बांधावी, मुलांना लांब ठेवावे. मी रविवारपर्यंत शिरुरात आहे. मला काही झाले किंवा कोणी अडवले, तर घराच्या मालकिणी म्हणून झुंबरबाई व गिता यांनी हेच करावे, दिवाळीच्या आत.

आत कोणीही उतरू नये. कोणाच्याही सांगण्यावरून, कितीही मोठ्या माणसाच्या. वरून बादलीने जेवढी काळी ज्वारी निघेल तेवढी काढावी आणि बाळासोच्या दारात नेऊन ओतावी. ती त्याच्या आजोबांची आहे, दुसरा कोणी वारस तिच्यावर हक्क सांगणार नाही. उरलेल्यावर मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसून पेव बुजवावे, आणि नगरपालिकेच्या नकाशात सातवा ठिपका मारून घ्यावा. ठिपक्यापुढे भिमाजी रंगनाथ जाधव हे नाव लिहावे. नकाशात नावे लिहीत नाहीत असे सांगतील. लिहून घ्यावे.

पितळेची मापे मीरासाहेबांना. आता किलोच्या दिवसांत ती कोणाच्या कामाची नाहीत, पण त्यांना पितळेचा आवाज आवडतो. वैशाखात पहिले कलिंगड येईल ते दर वर्षी माझ्या पोस्टातल्या पैशांतून झुंबरबाईंना घेऊन द्यावे. ते सुरीने कापू नये.

दगड झुंबरबाईंचा. तो त्यांना बसायला लिंबाखाली हलवून द्यावा.

कंदील गिताचा. शनिवारी सकाळी तो तिने सोडावा, कारण आता धन्याचे घर तिचे आहे. सोडण्याआधी तो काठोकाठ भरावा आणि भरताना चार माणसांनी पाहावे. दोरी सैल पडेपर्यंत कोणी बोलू नये. मग ज्योत आहे की गेली ते गिताने मोठ्याने सांगावे. गेली, तर रॉकेल संपले असेल असे कोणीही म्हणू नये.

लिहून देणार: सोजराबाई मारुतराव कुरुंदळे (सही)

आमच्या समक्ष, आमच्या डोळ्यांपुढे सही केली:
मीरासाहेब इमामसाहेब शेख, पत्र्याचे काम, दाणे आळी (सही). याच कंदिलात त्या वेळी रॉकेल होते, हे मी माझ्या हाताने हलवून पाहिले होते.
वकील, शिरूर कोर्ट (सही)

चौथे व पाचवे कलम मला वाचून दाखवले, मी ऐकले: झुंबरबाई भिमाजी जाधव (अंगठा)

मुक्काम शिरूर, मंगळवार, तारीख २९ ऑक्टोबर १९६३